चार टक्क्यांचे रोखे आणि पाच मुली: ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या शब्दांमागचा काळ

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत मिस्टर बेनेट यांच्या धाकट्या मुलीला, लिडियाला, पळवून नेणारा विकम शेवटी त्यांचा जावई होतो आणि सासुरवाडीला चार दिवस राहून जातो. तो गेल्यावर मिस्टर बेनेट म्हणतात, हा गृहस्थ हसतो, लाजतो आणि आम्हा सगळ्यांशी ‘मेक्स लव्ह’. बी.ए.च्या वर्गात हे वाक्य आलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते. त्या काळी या शब्दांचा अर्थ एवढाच, की हा गडी सगळ्यांना लाडीगोडी लावतो.

जेन ऑस्टिनच्या या कादंबरीत अवघड शब्द फारसे नाहीतच. अडतं ते सोप्या शब्दांवर. बेनेटांची दुसरी मुलगी आणि कादंबरीची नायिका एलिझाबेथ थोरल्या बहिणीला, जेनला, ‘कँडिड’ म्हणते. आजचा विद्यार्थी शेजारी ‘स्पष्टवक्ती’ असं लिहून ठेवतो आणि इथून पुढे जेनचं पात्र त्याला कळेनासं होतं. कारण जेन कुणाला तोंडावर काही बोलतच नाही. तेव्हा ‘कँडिड’ म्हणजे दुसऱ्याबद्दल चांगलाच समज करून घेणारा, दोषांकडे काणाडोळा करणारा. एलिझाबेथ त्याच वाक्यात ते उलगडून सांगतेही, पण आधीच अर्थ ठरवून बसलेल्याला ते दिसत नाही. ‘कंडिसेन्शन’चंही तसंच. आज तो दोष आहे: स्वतःला वरचढ समजून दुसऱ्याशी वागणं. बेनेटांचा नातेवाईक, पाद्री कॉलिन्स मात्र आपली आश्रयदाती जमीनदारीण लेडी कॅथरीन हिच्या ‘कंडिसेन्शन’चे गोडवे गातो, कारण वरच्या पायरीवरच्या माणसानं खालच्याशी आपणहून बोलावं, हा तेव्हा मोठेपणा समजला जाई. लेखिका कॉलिन्सला हसते ते त्यानं चुकीचा शब्द वापरला म्हणून नाही. तो शब्द तो उठता-बसता वापरतो म्हणून हसते.

सगळ्यात वजनदार शब्द मात्र ‘एन्टेल’. कथानकाचा अर्धा भार त्यावर आहे. बेनेटांची लाँगबोर्नची जमीन वर्षाला दोन हजार पौंड देते, पण ती त्यांना विकता येत नाही की मुलींच्या नावे करता येत नाही. ते हयातीपुरते उपभोगाचे धनी. पुरुष वारस नसेल तर मिळकत दूरच्या चुलतभावाकडे, म्हणजे कॉलिन्सकडे जायची. या बंधनातून वाट एकच होती: मुलगा सज्ञान झाला की बाप-लेकांनी मिळून ते कायद्यानं मोडायचं. बेनेट दांपत्याचा हिशेबही तोच होता. मुलगा होईलच, मग पैसा साठवायचा कशाला? एकापाठोपाठ पाच मुली झाल्या आणि काटकसर सुरू करायची वेळ टळून गेली. आपल्याकडे असतं तर एव्हाना दत्तकाची बोलणी सुरू झाली असती. इंग्लंडात दत्तकाचा कायदाच आला १९२६ साली.

पैशाचे आकडे वाचताना आपण ‘श्रीमंत’, ‘खूप श्रीमंत’ एवढीच नोंद करून पुढे जातो. तिथे जरा थांबायला हवं. कॉलिन्स मागणी घालताना एलिझाबेथला ऐकवतो, की तुझ्या वाट्याला आईच्या पश्चात चार टक्क्यांच्या रोख्यांतले हजार पौंड येतील, बाकी काही नाही. रोखे सरकारी. हजारावर चार टक्के म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. वडील गेले, घर कॉलिन्सकडे गेलं, की आयुष्यभर एवढ्यावर भागवायचं. मागणी घालायला आलेला माणूस नवरीच्या तोंडावर हा हिशेब मांडतो, आणि मांडून वर म्हणतो की लग्नानंतर मी त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही! तोच दर जेनच्या प्रेमात पडणाऱ्या बिंग्लीला लावून पाहा. वडिलांनी ठेवलेले सुमारे एक लाख पौंड, आणि गावात बोललं जाणारं उत्पन्न चार-पाच हजार. म्हणजे चार ते पाच टक्के. बापाची कमाई व्यापारातली, स्वतःची जमीन अजून नाही, म्हणूनच तर तो बेनेटांच्या शेजारची नेदरफील्ड ही हवेली भाड्यानं घेतो. त्याचा मित्र आणि कादंबरीचा नायक डार्सी, त्याचे वर्षाला दहा हजार मात्र पिढीजात इस्टेटीचे. दोघा मित्रांतला हा फरक लेखिकेनं कुठे उगाळलेला नाही. तिच्या वाचकांना आकड्यावरून तो कळत होता.

म्हणूनच एलिझाबेथची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट कॉलिन्सला होकार देते, तेव्हा मला तिचा राग येत नाही. कॉलिन्सकडे ‘लिव्हिंग’ आहे. हा शब्दही फसवा. एखाद्या चर्चचं उपाध्येपण, त्याबरोबरचं घर आणि उत्पन्न, असं सगळं त्यात येतं. आपल्या वतनाशी थोडं जुळणारं, पण बापाकडून मुलाकडे न जाणारं. ते देण्याचा हक्क बहुतेकदा जमीनदाराकडे असे, आणि कॉलिन्सच्या खुशामतीचं मूळ तिथेच आहे.

नवरा मिळवण्याची ही धडपड लेखिकेच्या घरातही होऊन गेली होती. तिची आत्या फिलाडेल्फिया १७५२ साली ‘बाँबे कॅसल’ नावाच्या जहाजातून मद्रासला आली. हुंड्यापुरता पैसा नव्हता, आणि हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीतली लग्नाळू माणसं होती. पुढच्याच वर्षी तिनं कंपनीचा सर्जन टायसो सॉल हॅनकॉक याच्याशी लग्न केलं. त्यांच्या मुलीचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज. त्यानं म्हातारपणी ही कादंबरी वाचून तिची तारीफ केली, आणि ती कळल्यावर लेखिका किती सुखावली हे तिच्या पत्रात आहे.

कादंबरीचा काळ ठरवताना एक गोष्ट विसरली जाते. पुस्तक छापलं गेलं जानेवारी १८१३ मध्ये, पण पहिला खर्डा १७९६-९७ चा, ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ या नावाचा. वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र लिहून विचारलं होतं, उलट टपाली नकार आला. खर्डा लिहिला गेला तेव्हा फ्रान्सशी युद्ध सुरू होतं आणि मिलिशियाच्या, म्हणजे देशाच्या रक्षणासाठी उभारलेल्या राखीव फौजेच्या, पलटणी दक्षिणेकडच्या गावांत मुक्कामाला असत. लाँगबोर्नजवळच्या मेरिटन गावात लाल डगल्यांचे तरुण कुठून उगवले आणि ब्रायटनला छावणी का पडली, याचं उत्तर या युद्धात आहे. पुस्तकात युद्धाचा पत्ता नाही, असं म्हणणाऱ्यांनी लिडियाचा पलटणीमागोमाग ब्रायटनपर्यंतचा प्रवास नकाशावर बोट ठेवून पाहावा.

लिडियाच्या पळून जाण्यात पहिला धसका ‘ग्रेटना ग्रीन’चा असतो. १७५३ च्या कायद्यानं इंग्लंडात एकवीस वर्षांखालच्यांना परवाना काढून लग्न करायचं तर पालकांची संमती सक्तीची केली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून सरहद्दीपलीकडचं हे पहिलं गाव पळून जाणाऱ्यांचं ठिकाण झालं. पण खरी भीती पुढची आहे. दोघं तिथे गेलेलीच नाहीत, लंडनमध्ये लग्नाशिवाय राहताहेत. ग्रेटनाचं लग्न चोरटं असलं तरी लग्न होतं. हे ठाऊक नसेल तर एलिझाबेथ जेनचं पत्र वाचून एवढी का कोसळते, हे कळत नाही. पुढे डार्सी विकमची हजाराहून अधिक पौंडांची देणी फेडतो, लिडियाच्या नावे आणखी हजार लावतो आणि विकमला लष्करात हुद्दा विकत घेऊन देतो. याच पुस्तकाचा हक्क लेखिकेनं ११० पौंडांना विकला होता.

अशा बारकाव्यांना टिपांची गरज आहे, हे ध्यानात येऊन आर. डब्ल्यू. चॅपमन यांनी १९२३ मध्ये ऑक्सफर्डसाठी ऑस्टिनच्या कादंबऱ्यांची संपादित आवृत्ती काढली. गाड्या, कपडे, संबोधनं यांसारख्या विषयांवर त्यात टिपणं आहेत. संबोधनांचं तर व्याकरणच होतं. ‘मिस बेनेट’ म्हणजे फक्त थोरली जेन, बाकीच्या ‘मिस एलिझाबेथ’, ‘मिस मेरी’. जेन घरात नसली की तो मान एलिझाबेथकडे. आणि लग्न झालेली धाकटी थोरलीच्याही पुढे. सोळा वर्षांची लिडिया नवऱ्याला घेऊन माहेरी येते, जेवणघराकडे जाताना आईच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहते आणि जवळजवळ तेवीस वर्षांच्या जेनला सांगते, आता तुझी जागा माझी, तू खाली सरक, माझं लग्न झालंय.