वेगवान रॅप-पॉप गाणं बसवताना: सरावाला येणाऱ्यांसाठी माहिती

गॅदरिंग, गणपतीतला कार्यक्रम किंवा लग्नातलं संगीत जवळ आलं, की रॅप आणि पॉप एकत्र असलेलं गाणं बसवायला बरेच जण आमच्याकडे येतात. जीभ वळत नाही म्हणून आपण मागे पडतो, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर आधी श्वास संपतो आणि मग जीभ अडखळते. म्हणून पहिल्या तासाला येण्याआधी हे पत्रक वाचा आणि गाण्याचे शब्द स्वतःच्या हाताने वहीत लिहून आणा.

सोळा घरं

रॅपच्या एका आवर्तनात बहुतेक वेळा चार ठोके असतात आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग पडतात. अशा प्रत्येक भागाला आपण घर म्हणू. म्हणजे ‘तकधिमि’ हे तालाचे बोल चार वेळा म्हटले की सोळा घरं भरली. (एका ठोक्यात तीनच उच्चार येत असतील, तर तिथे ‘तकिट’ म्हणून बघा.) मिनिटाला १०० ठोक्यांच्या गाण्यात एका घराला फक्त ०.१५ सेकंद मिळतात.

सरावासाठी ही ओळ घ्या:

पाणी आलं / नळाला नि / धावपळ झाली / चला चला

प्रत्येक तुकड्यात चार उच्चार आहेत. ‘धावपळ’मध्ये कागदावर चार अक्षरं दिसतात, पण तोंडात दोनच येतात: धाव-पळ. नवखा माणूस लिहिल्याप्रमाणे धा-व-प-ळ म्हणतो, दोन घरं जास्त खातो आणि तिथेच अर्धा ठोका मागे पडतो. पुढची सगळी ओळ मग पळापळीची होते. म्हणून घरं मोजताना अक्षरं मोजू नका, उच्चार मोजा.

याच ओळीत दुसरी अडचण ‘पळ झा’ इथे आहे. ‘ळ’ला जीभ मागे वळते आणि लगेच ‘झ’साठी ती दातांपाशी यावी लागते. असा जोड सापडला की पूर्ण ओळ पुन्हा पुन्हा म्हणण्यात वेळ घालवू नका. तेवढाच तुकडा सावकाश २० वेळा म्हणा, मग मागचा-पुढचा एकेक शब्द जोडा. तोंड मोकळं करायला ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ यासारखा व्यायाम नाही.

श्वासाची जागा

वरच्या ओळीत सोळाही घरं भरलेली आहेत, श्वासाला जागाच नाही. अशा वेळी शेवटचं ‘चला’ सोडून द्या, ते साथीदाराला म्हणू द्या. दोन घरं, म्हणजे ०.३ सेकंद मोकळे झाले. तेवढ्यात तोंडाने पटकन छोटा श्वास घेता येतो. नुसत्या नाकाने घेऊ गेलात तर वेळ पुरत नाही. खांदे वर उचलू नका, पोट-बरगड्या फुगू द्या. वहीत श्वासाच्या प्रत्येक जागी लाल खूण करा आणि सरावात कितीही दम उरला असला तरी तिथेच श्वास घ्या. ख, घ, ध, भ, फ अशी अक्षरं जास्त हवा खातात. ती दाटीवाटीने आली, तर श्वासाची खूण त्यांच्या आधी हवी.

वेग कसा वाढवायचा

१०० चं गाणं ६० वर सुरू करा. पट्टी (सुराची उंची) न बदलता वेग कमी करणारं कुठलंही ॲप चालेल. सलग तीन वेळा स्वच्छ आलं, की ५ ने वाढवा. चुकलं तर १० ने खाली या. ही शिस्त कंटाळवाणी आहे, पण ती टाळून थेट मूळ वेगावर केलेल्या सरावात चुकीचे उच्चारच पक्के होतात आणि ते नंतर काढणं फार जड जातं. शेवटी १०५ वर दोन दिवस म्हणा, मग १०० सोपं वाटतं. दिवसात सलग एक तासापेक्षा २० मिनिटं दोनदा बरी.

घरी आवाज रेकॉर्ड करताना वायरचा इअरफोन लावा. ब्लूटूथवर ट्रॅक उशिरा ऐकू येतो. तो उशीर सहज एका घराएवढा असतो आणि ताल पक्का असूनही रेकॉर्डिंग मागे पडल्यासारखं वाटतं.

ध्रुवपद आणि माइक

रॅप ओरडून म्हटला की ध्रुवपदातल्या वरच्या सुराला गळा शिल्लक राहत नाही. रॅप बोलण्याच्याच आवाजात ठेवा. जोर व्यंजनांच्या ठसक्यातून येऊ द्या. वरचा सूर तरीही ताणूनच लागत असेल, तर पट्टी उतरवा: ट्रॅक काळी दोनचा (पेटीची दुसरी काळी पट्टी) असेल तर काळी एकवर घ्या. यात कमीपणा अजिबात नाही.

माइक रॅपला तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा, ध्रुवपदाला वीतभर लांब न्या. प, फ, भ ‘भप्प’ वाजत असतील तर तो ओठांसमोरून जरा बाजूला धरा. जाळीभोवती मूठ आवळू नका, माइक शिट्टी मारतो.

पाणी कार्यक्रमाच्या काही तास आधीपासून घोट घोट प्या. गिळलेलं पाणी थेट स्वरतंतूंवर पोचत नाही, त्यामुळे ऐनवेळी प्यायलेल्या ग्लासाने फक्त पोट जड होतं. घसा खवखवला तर त्या दिवशी सराव बंद करा. कुजबुजणं ही विश्रांती नव्हे. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तोवर आम्ही तुमचा तास पुढे ढकलू.