पोच आली नाही, तर किती थांबायचं?

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला नेटवर्कचा वेग अचानक कोसळला. अंतर जेमतेम ४०० यार्डांचं. एरवी सेकंदाला ३२,००० बिट जायचे, ते ४० वर आले. तार तुटलेली नव्हती, यंत्रं चालू होती. जोडणी पॅकेटांनी, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांनी, गच्च भरली होती आणि त्यात आधीच पाठवलेल्या माहितीच्या नकलांनी मोठी जागा अडवली होती.

टीसीपी या इंटरनेटवरच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे माहिती पाठवण्याच्या नियमावलीत, माहिती मिळाली की पलीकडचा संगणक पोच देतो. ठरलेल्या वेळात पोच आली नाही, तर पॅकेट हरवलं असं धरून पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो. या ठरलेल्या वेळेला टाइमआउट म्हणतात. तो फार मोठा ठेवला तर खरोखर हरवलेल्या पॅकेटसाठी उगाच ताटकळावं लागतं. फार लहान ठेवला तर त्याहून वाईट. वाटेतल्या राउटरवर रांग लागल्यामुळे पोचेला उशीर होत असतो, आपण ते पॅकेट हरवलं समजून त्याच रांगेत आणखी एक नक्कल घालतो. रांग वाढते, इतरांच्याही पोचा उशिरा येतात, आणि तेही नकला पाठवू लागतात.

टीसीपीच्या १९८१ च्या नियमात जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेची सरासरी काढून तिच्या साधारण १.३ ते २ पट थांबायचं असं होतं. बर्कलीचे संशोधक व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी १९८८ च्या निबंधात यातली खोट दाखवली. सरासरी किती यापेक्षा वेळ किती हेलकावतो, हे जास्त महत्त्वाचं. म्हणून त्यांनी सरासरीच्या जोडीला चढउताराचाही, म्हणजे मापं सरासरीपासून साधारण किती दूर जातात याचाही, हिशेब ठेवला. आज वापरात असलेलं सूत्र असं: सरासरी अधिक चढउताराच्या चौपट.

आकडे घालून पाहू. सरासरी १०० मिलिसेकंद आणि चढउतार फक्त २, तर टाइमआउट १०८. जुना दुपटीचा नियम इथे २०० पर्यंत विनाकारण थांबला असता. आता चढउतार २० आहे, म्हणजे टाइमआउट १८०, आणि एक पोच एकदम १७२ मिलिसेकंदांनी आली असं धरा. सरासरीत नव्या मापाला आठवा हिस्सा मिळतो, ती १०९ होते. चढउतारात नव्या फरकाला (१७२ वजा १००, म्हणजे ७२) चौथा हिस्सा, तो ३३ होतो. टाइमआउट थेट २४१. एका धक्क्यानिशी प्रोटोकॉल सावध झाला. आठवा, चौथा हे हिस्सेही विचारपूर्वक निवडलेले: चार, आठ अशा दोनच्या घातांनी भागाकार म्हणजे संगणकाला बिट सरकवण्याइतकं सोपं काम. वर्गमूळ टाळायला प्रमाण विचलनाऐवजी साधं सरासरी विचलन घेतलं. इतकं काटकसरी आणि इतकं टिकाऊ गणित फार थोडं सापडतं.

एक पेच उरतो. पॅकेट दुसऱ्यांदा पाठवल्यावर पोच आली, तर ती पहिल्या पॅकेटची की दुसऱ्या? फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांचं १९८७ चं उत्तर सरळ आहे: असं माप हिशेबात धरायचंच नाही. शिवाय प्रत्येक अपयशानंतर टाइमआउट दुप्पट करायचा: १ सेकंद, २, ४, ८. बोगद्यातून गाडी बाहेर आली, रेंज आली, तरी डाउनलोड काही सेकंद हलत नाही, त्याचं एक कारण हे दुप्पट होत गेलेलं थांबणं असू शकतं. त्रासदायक आहे खरं, पण ही माघार नसती तर नेटवर्क सावरलंच नसतं.

मापं हाती यायच्या आधी, सुरुवातीलाच, किती थांबायचं? २०११ च्या टीसीपी मानकात हा आकडा ३ सेकंदांवरून १ वर आणला गेला. त्याच मानकानुसार, सूत्रातून कितीही लहान आकडा आला तरी, टाइमआउट एरवीही १ सेकंदाखाली जाऊ नये. लिनक्स ही संगणकप्रणाली मात्र २०० मिलिसेकंदांपर्यंत उतरते.

डेटा सेंटरमध्ये, म्हणजे असंख्य सर्व्हर एकत्र असलेल्या जागी, हेही फार होतं. तिथे पोच यायला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे २०० मिलिसेकंद ही २,००० पट वाट. अनेक सर्व्हर एकाच वेळी उत्तर देतात, त्यांना जोडणाऱ्या स्विचची स्मृती ओसंडते, काही पॅकेटं गळतात आणि सगळं काम त्या थोडक्यांसाठी खोळंबतं. २००९ मध्ये कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी टाइमआउट मायक्रोसेकंदांत मोजून हा खोळंबा दूर होतो, हे दाखवून दिलं. माझ्या मते हा बदल डेटा सेंटरच्या भिंतींच्या आतच शोभतो. बाहेर, भूस्थिर उपग्रहामार्गे जाणाऱ्या पॅकेटची पोच प्रकाशाच्या वेगानेही सुमारे ४८० मिलिसेकंदांच्या आत येऊ शकत नाही.