लॉगिनचा पासवर्ड आणि डिस्कचं एन्क्रिप्शन: विसरल्यावर कळणारा फरक

सुट्टी संपवून माझी लेक लॅपटॉपसमोर बसली आणि पासवर्ड विसरली. तेरा वर्षांची आहे. धाकट्या भावाला जुना पासवर्ड कळला म्हणून सुट्टीआधी तिनं तो मुद्दाम बदलला होता. चार-पाच वेळा चुकल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाटातून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्याच्यावरूनच अख्खी सिस्टिम चालते तो, काढला, लॅपटॉप त्याच्यावरून सुरू केला, आतल्या डिस्कचं पार्टिशन माउंट केलं म्हणजे जोडून घेतलं, ‘चरूट’ ही कमांड देऊन तिच्या सिस्टिममध्ये शिरले आणि पासवर्ड बदलायची कमांड दिली. नवा पासवर्ड तिनं दोनदा टाइप केला. पाचेक मिनिटांचं काम. मी शाबासकीची वाट बघत होते.

‘आई, तुला माझा जुना पासवर्ड लागलाच नाही?’

‘नाही.’

‘मग असा पेनड्राइव्ह असेल तर कुणालाही हे जमेल?’

‘जमेल.’

‘मग मी पासवर्ड ठेवते कशाला?’

प्रश्न रास्त होता, आणि इतकी वर्षं लिनक्सचं कौतुक सांगत फिरणाऱ्या मी तो घरात कुणाला समजावला नव्हता. लॉगिनचा पासवर्ड आणि डिस्क एन्क्रिप्शनचा, म्हणजे डिस्कवरचा मजकूर गुप्त रूपात ठेवण्याचा, पासफ्रेज (अनेक शब्दांचा लांब पासवर्ड) ही दिसायला जुळी भावंडं. दोघांसाठी पडद्यावर एक चौकट येते, दोन्हींत टिंबं उमटतात, चुकलं की दोन्हीकडे नकार मिळतो. पण एकाच्या भरवशावर दुसऱ्याचं काम सोडलं, तर फसगत ठरलेली.

लॉगिनचा पासवर्ड हा चालू असलेल्या सिस्टिमनं विचारलेला प्रश्न आहे. तुम्ही दिलेल्या उत्तराचा सिस्टिम हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही असा सांकेतिक आकडा, काढते आणि ‘इटीसी’ डिरेक्टरीतल्या ‘शॅडो’ नावाच्या फाइलीत ठेवलेल्या हॅशशी ताडून बघते. जुळला तर आत. ही पद्धत मोठ्या विचारानं घडलेली आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वज सिस्टिमच्या, पासवर्डांवर एक निबंध लिहिला, त्यातल्या दोन युक्त्या आजही चालतात. हॅश काढायचं काम मुद्दाम संथ ठेवायचं, म्हणजे अंदाजानं शब्दांमागून शब्द घालून बघणारा कंटाळेल. आणि प्रत्येक पासवर्डात ‘सॉल्ट’ म्हणून थोडे यादृच्छिक बिट मिसळायचे, म्हणजे दोघांचा पासवर्ड योगायोगानं एकच असला तरी हॅश वेगळे दिसतील. तेव्हा हे सॉल्ट १२ बिटांचं होतं आणि हॅशची फाइल कुणालाही वाचता यायची. पुढे हॅश शॅडो फाइलीत हलले. ती सामान्य वापरकर्त्याला उघडत नाही. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या अलीकडच्या आवृत्त्या हॅशसाठी ‘येस्क्रिप्ट’ ही पद्धत वापरतात. अंदाज घालून बघणाऱ्याचा वेळ तर त्यात जातोच, मेमरीही भरपूर लागते.

पण ही सगळी मेहनत पासवर्ड वाचवायला आहे. फाइली वाचवायला त्यातलं काहीच नाही! त्या डिस्कवर जशाच्या तशा पडलेल्या असतात. ही फाइल अमक्याची, तमक्यानं ती वाचायची नाही, ही कुंपणं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, राखतो, आणि तो चालू असेपर्यंतच राखतो. तीच डिस्क दुसऱ्या कर्नलच्या हाती दिली की तिथला रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणेल ती पूर्व दिशा. लेकीचा हॅश मला फोडावा लागलाच नाही. त्या जागी मी दुसरा लिहिला, इतकंच. पहारेकरी इमानी होता, पण त्या दिवशी तो कामावरच आला नव्हता.

हा घोटाळा होतो कशामुळे, यावर मी पुष्कळ विचार केला, आणि दोष मुख्यतः फोनकडे जातो असं माझं मत झालं. फोनमध्ये ही दोन्ही कामं एकच पिन करतो. आयफोनमध्ये आयओएस ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, बहुतेक डेटाची किल्ली पासकोडशी बांधली गेली. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या नव्या फोनांना २०१९ पासून एन्क्रिप्शन सक्तीचं झालं. याचा एक पुरावा आपण सगळे बघतो, फक्त त्याचा अर्थ लावत नाही. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. कारण डेटा उलगडणारी किल्ली घडायला पिन हवा असतो, बोटाच्या ठशातून ती घडत नाही. एकदा पिन दिला की किल्ली मेमरीत बसते, मग दिवसभर ठसा पुरतो. फोनची सवय लागलेला माणूस लॅपटॉपवर पासवर्डची चौकट पाहतो आणि इथंही तसंच असणार असं धरून चालतो. लिनक्स इन्स्टॉल करताना मात्र एन्क्रिप्शनच्या चौकोनात बहुधा आपणच खूण करायची असते, आणि नव्या सिस्टिमच्या उत्साहात आपण तो चौकोन ओलांडून पुढे गेलेलो असतो. मीही गेले होते. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं, दुसरं काय!

आता एन्क्रिप्शन. लिनक्सवर यासाठी ‘लक्स’ नावाचा आराखडा वापरतात. क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी तो २००४ मध्ये तयार केला. प्रत्यक्ष लिहिण्या-वाचण्याचं काम कर्नलमधला ‘डीएम-क्रिप्ट’ करतो. डिस्कवर जाणारा प्रत्येक तुकडा जाताना उलटापालटा होतो आणि येताना सरळ होतो, साधारणपणे एईएस नावाच्या गुप्तलेखनाच्या पद्धतीनं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर तिथल्या रूटलाही नुसता कचरा दिसतो. त्याला कुणी अडवत नाही. वाचण्यासारखं तिथं काही नसतंच.

लेकीला हे ‘च’च्या भाषेवरून सांगायला गेले. ती आणि तिची मैत्रीण माझ्यासमोर ‘चझीमा’, ‘चझीतु’ असं बोलत असतात आणि मला कळत नाही असं समजतात. तिथंच फरक आहे. ‘च’च्या भाषेत नियम हेच गुपित; नियम कळला की खेळ संपला. गुप्तलेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिताना अट घातली होती की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. एईएसचा नियम सगळ्या जगाला ठाऊक आहे, लक्सचा सोर्स कोड कुणीही वाचावा. गुपित आहे ती फक्त किल्ली.

आणि ती किल्ली तुमचा पासफ्रेज नव्हे, हे बऱ्याच जाणत्यांनाही माहीत नसतं. डिस्क एन्क्रिप्ट करताना यादृच्छिक अंकांची एक मुख्य किल्ली तयार होते आणि सगळा डेटा तिच्यानं झाकला जातो. तुमचा पासफ्रेज त्या किल्लीची गुंडाळी उघडतो, बाकी काही नाही. ही गुंडाळी डिस्कच्या सुरुवातीच्या हेडर नावाच्या भागात, ‘की-स्लॉट’मध्ये म्हणजे किल्लीच्या खणात असते. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत असे ८ स्लॉट होते, दुसरीत ३२ पर्यंत असू शकतात. प्रत्येक स्लॉटचा पासफ्रेज निराळा, आतली किल्ली तीच. म्हणून पासफ्रेज बदलायला काही क्षण पुरतात, डिस्क कितीही मोठी असली तरी. पासफ्रेजवर दुसरी आवृत्ती ‘अर्गॉन२’ जातीचं गणित चालवते, २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेत निवडलं गेलेलं. संथपणाची युक्ती तीच १९७९ ची. फक्त इथं उत्तर कशाशी ताडायचं नसतं, त्यातून किल्ली बाहेर काढायची असते.

दोघांतला फरक ओळखायला मी घरात एकच प्रश्न ठेवला आहे: विसरलात तर काय होतं? लॉगिनचा पासवर्ड विसरलात तर आई पेनड्राइव्ह घेऊन येते. पासफ्रेज विसरलात आणि दुसरा स्लॉट नसेल, तर आई शेजारी बसून पाठीवरून हात फिरवू शकते, एवढंच. जे विसरल्यावर तुमच्यासाठी उघडता येतं, ते चोरासाठीही उघडता येतं. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. ‘सुरक्षित पण विसरलात तर आम्ही आहोतच’ असं कुणी म्हणालं, की किल्लीची एक प्रत त्याच्याकडे आहे असं समजायचं. ते वाईटच असतं असं नाही. माहीत मात्र असावं.

हेडरवर मात्र जीव टांगलेला असतो. तेवढाच भाग बिघडला तर पासफ्रेज पाठ असूनही डेटा गेला. म्हणून हेडरची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची. जुना लॅपटॉप कुणाला देताना हाच दोष गुण ठरतो. एसएसडीवर फाइली वरून पुसल्या तरी खालच्या राखीव जागेत तुकडे उरू शकतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सगळे की-स्लॉट पुसले, हेडरची प्रतही नष्ट केली, की उरलं ते कचऱ्यात जमा.

इतकं ऐकून लेक म्हणाली, मग लॉगिनची कटकट काढूनच टाकू. नाही. एन्क्रिप्शन राखतं ते बंद पडलेल्या मशीनला. सुरू करताना एकदा पासफ्रेज दिला की किल्ली मेमरीत येते आणि बंद करेपर्यंत तिथंच राहते. तू पाणी प्यायला उठलीस आणि भाऊ खुर्चीत येऊन बसला, तर त्याच्यापुढे डिस्क सताड उघडी असते. तिथं कामाला येतो तो पडद्याचा लॉक, म्हणजे लॉगिनचाच पासवर्ड. झाकण मिटून लॅपटॉप झोपवला तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये किल्ली मेमरीतच असते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की वीज गेल्यावरही मेमरीतला मजकूर लगेच विरत नाही आणि चिप थंड केली तर आणखी रेंगाळतो. घरातल्या मुलांना त्याचं भय नको. पण प्रवासात लॅपटॉप झोपवू नये, बंद करावा, ही सवय मी त्यामुळेच लावून घेतली. फसव्या लिंकवर स्वतःच्या हातानं पासवर्ड दिला, तर दोघांचाही उपयोग नाही.

एका ठिकाणी या दोघांची सीमा पुसट होते. पासवर्ड बदलल्यावर लेकीनं लॉगिन केलं आणि लगेच किरिंगची, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या जुडग्याची, खिडकी आली, जुना पासवर्ड मागणारी. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपचं किरिंग वायफायचे आणि काही ॲपचे पासवर्ड खरोखर एन्क्रिप्ट करून ठेवतं, आणि लॉगिनच्या पासवर्डानं उघडतं. माझ्या पेनड्राइव्हनं शॅडोतली ओळ बदलली, किरिंगची किल्ली कशी बदलणार? जुनं किरिंग टाकून नवं करावं लागलं. तिला फरक खरा समजला तो इथं. माझं भाषण वायाच गेलं होतं.

घरात आता काय केलंय तेही सांगते. कौटुंबिक फोटोंचा डेस्कटॉप मी मुद्दाम एन्क्रिप्ट केला नाही. तो खोलीतून हलत नाही, आणि मी नसताना घरातल्या कुणालाही ते फोटो मिळावेत हे मला चोरीच्या भीतीपेक्षा मोठं वाटतं. हे मत सगळ्यांना पटणार नाही. बाहेर जाणारे लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क मात्र एन्क्रिप्टेड. बॅकअपची डिस्क लोक विसरतात, आणि खिशात मावते नेमकी तीच.

लेकीचा लॅपटॉप नव्यानं इन्स्टॉल केला. पासफ्रेज फासे टाकून काढला. प्रत्येक शब्दासाठी पाच फेकी, म्हणजे ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक. असे सहा शब्द. तिला देवनागरीत हवा होता, पण सुरुवातीच्या त्या पडद्यावर मराठी कीबोर्ड मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून तो हट्ट सोडावा लागला. पहिला स्लॉट तिचा. दुसरा माझा ठेवू का, असं तिला विचारलं. तिनं दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली, पण ती म्हणेल तेव्हा काढायचा या अटीवर. हेडरची प्रत मी माझ्या पेनड्राइव्हवर ठेवली.

काही महिन्यांनी ती ‘काढ’ म्हणाली. मी समोर बसून माझा स्लॉट काढला, दुसऱ्या स्लॉटमध्ये तिचा कागदावर लिहिलेला वेगळा पासफ्रेज भरला आणि कर्तव्य संपलं असं समजून उठले.

‘आई, तुझ्याकडच्या हेडरच्या प्रतीत तुझा स्लॉट अजून आहे ना?’

होता. मुख्य किल्ली बदललेली नव्हती, त्यामुळे जुना हेडर आणि माझा जुना पासफ्रेज मिळून तिची डिस्क अजूनही उघडली असती. मी फाइल पुसते म्हटलं, तर पेनड्राइव्हवर पुसलेलं खरंच जातं का, हे तिनंच मला ऐकवलं. मग डिस्क नव्या मुख्य किल्लीनं पुन्हा एन्क्रिप्ट करायला लावली. रात्रभर ते चाललं. नव्या हेडरची प्रत तिच्या पेनड्राइव्हवर आहे, आणि तो ती कुठे ठेवते ते मला माहीत नाही.