एसएसएलची एरर आली? आधी कीस्टोअर पुसू नका

सीएकडून (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून) साइटचं एसएसएल सर्टिफिकेट आलं, कीस्टोअरमध्ये (की आणि सर्टिफिकेटं ठेवणाऱ्या जावाच्या फाइलमध्ये) टाकलं, टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणतो. मग वैतागून जुना कीस्टोअर उडवून नवा बनवला जातो आणि त्यानंतर आम्हाला फोन येतो. तोवर उशीर झालेला असतो. ज्या प्रायव्हेट (गुप्त) कीवरून सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेटसाठीचा अर्ज, काढला, ती त्या फाइलबरोबरच गेली. हातातलं सर्टिफिकेट आता कशालाच जुळत नाही. नवा सीएसआर, नवी पडताळणी, सगळं पहिल्यापासून. कीस्टोअर तसाच असता तर बहुतेकदा दहा मिनिटांचं काम होतं.

कारण चूक सहसा एलियसची, म्हणजे कीस्टोअरमधल्या नोंदीच्या नावाची, असते. की-पेअर (प्रायव्हेट आणि पब्लिक कीची जोडी) बनवताना कीटूल ही जावाची कमांड तिच्यासोबत एक सेल्फ-साइन्ड (सीएची नव्हे, स्वतःचीच सही असलेलं) सर्टिफिकेट ठेवते. सीएचं सर्टिफिकेट त्याच एलियसवर इम्पोर्ट व्हायला हवं. वेगळं नाव दिलंत तर ते नुसतं बाजूला पडून राहतं आणि टॉमकॅट जुनंच दाखवतो. इम्पोर्टनंतरची ओळ वाचा: ‘सर्टिफिकेट रिप्लाय वॉज इन्स्टॉल्ड’ आलं तर जमलं, ‘सर्टिफिकेट वॉज ॲडेड’ आलं तर ते कीला जोडलेलंच नाही. योग्य एलियसवर पुन्हा इम्पोर्ट करा, झालं.

‘फेल्ड टू एस्टॅब्लिश चेन’ आलं तर सीएची रूट आणि इंटरमीडिएट सर्टिफिकेटं (तुमचं सर्टिफिकेट ज्यांच्या साखळीने, म्हणजे चेनने, सीएशी जोडलं जातं ती) आधी, आपापल्या एलियसखाली टाका. ब्राउझरमध्ये साइट उघडते, पण दुसरा जावा प्रोग्राम ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणतो? बहुधा इंटरमीडिएट राहिलं आहे. अनेक ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात, जावा आपणहून आणत नाही.

‘तुम्हीच कीची एक कॉपी का ठेवत नाही?’ असं ग्राहक विचारतात. प्रायव्हेट की तुमच्या सर्व्हरबाहेर जाऊ नये, म्हणून. ती आमच्याकडे असणं हाच धोका आहे. कीस्टोअरचा बॅकअप मात्र सीएसआर काढला त्याच दिवशी घ्या.

हे काम आता वारंवार येणार आहे. पब्लिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. आमच्या देखभाल करारात मुदतीवर लक्ष ठेवणं, रिन्यूअल आणि चेनची तपासणी येते.

मदत हवी असेल तर ‘कीटूल -लिस्ट -व्ही’ चं आउटपुट पाठवा. कीस्टोअरची फाइल आणि पासवर्ड पाठवू नका.