'तंबाखू नाय, मशेरी लावते'

दापोली तालुक्यातल्या एका मुख-तपासणी शिबिरात नाव-वय लिहून घ्यायला मी बसलो होतो. मासळी विकणाऱ्या एक मावशी समोर आल्या. "तंबाखू खाता का?" "नाय बा." मी 'नाही'वर खूण केली. पलीकडे डॉक्टरांनी टॉर्च मारून गाल ओढून बघितला, तर खालच्या हिरडीलगत पांढरा चट्टा, कर्करोगाच्या आधी दिसू शकतो तसा. "मशेरी लावता?" "ती लावते की. दात घासायला."

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. प्रश्न माझा चुकला होता.

मशेरी म्हणजे तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजून केलेली पूड. भाजली की तंबाखूचा दोष जळून जातो, असं बायका मनापासून मानतात. पण निकोटीन उरतंच, म्हणून तर सकाळी बोट फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. उलट अर्धवट जळण्यातून बेन्झोपायरीनसारखी, एरवी धुरात सापडणारी कर्करोगकारक द्रव्यं पुडीत येतात.

आणि तंबाखूत एनएनके नावाचं एक कर्करोगकारक द्रव्य असतं, ते नीट समजून घ्यायला हवं. पानं सुकताना-मुरताना सूक्ष्मजीवांमुळे नायट्राइट तयार होतं, त्याची निकोटीनशी क्रिया होऊन एनएनके बनतं. ते पेशीत शिरलं की पेशीतली विकरं त्याला बाहेर घालवण्यासाठी ऑक्सिजन जोडतात आणि तिथेच घात होतो. रेणू अस्थिर होऊन फुटतो, त्यातून सुटलेला मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानीन (जी) या अक्षराच्या सहाव्या जागेवरच्या ऑक्सिजनला चिकटतो. ग्वानीनची जोडी एरवी सायटोसीनशी (सी) जमते, असा मिथिल चिकटलेला ग्वानीन मात्र थायमिनशी (टी) जोडी जमवतो. पेशी दुभागत गेली की जी-सीच्या जागी ए-टी (अ‍ॅडेनीन-थायमिन) कायमचं बसतं. ही चूक वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकात झाली, तर कर्करोगाच्या वाटेवरचं एक पाऊल पडलं.

पेशी गप्प बसत नाही. एमजीएमटी नावाचं प्रथिन तो मिथिल गट उचलून स्वतःच्या अंगावर घेतं, ग्वानीन पूर्ववत होतो. पण प्रथिनाचा तो रेणू त्यानंतर कायमचा निकामी. एक रेणू, एक दुरुस्ती. पुढच्या चुकीसाठी पेशीला नवा रेणू घडवावा लागतो. दिवसातून पाच-सहा वेळा, तीस वर्षं मशेरी लावली तर त्या हिरडीला उसंत कधी मिळणार?

मशेरी लावतं कोण, हेही बघायला हवं. पहाटे न्याहारीशिवाय बंदरावर निघणारी, दिवसभर चिखलात भात लावणारी बाई. निकोटीन भूक मारतं. दाढ ठणकली तर दातांचा डॉक्टर तालुक्याला, मशेरी मात्र कनवटीला. राज्यात 2012 साली गुटखाबंदी आली, 2016पासून सिगारेट-तंबाखूच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूचा 85 टक्के भाग चित्रासह इशाऱ्याने व्यापला. घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीच्या डबीवर कसलं चित्र? आपले सगळे इशारे विकत घेतलेल्या पाकिटावर छापलेले असतात, ही डबी त्यांना दिसतच नाही.

त्यात भर म्हणजे 'हत्यार लागलं की गाठ पसरते' ही समजूत. तपासणीसाठी चट्ट्याचा तुकडा काढल्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. पसरतो तो झाडपाल्याचा लेप लावत घालवलेल्या महिन्यांत, आणि मग जबडा उघडेनासा झाल्यावर परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते, मजुरी बुडवून, कर्ज काढून. मशेरी वेळेत सोडली तर असे बरेच चट्टे मागे हटतात. त्यासाठी ते आधी कुणाला तरी दिसले पाहिजेत.

मावशींना तुकडा तपासायला पाठवलं. मी त्यांच्या कागदावरची खूण खोडली आणि पुढच्या बाईला तंबाखूचं विचारलंच नाही.

"ताई, मशेरी दिवसातनं किती वेळा?"

"ते काय कोण मोजतंय?" त्या म्हणाल्या आणि बोटांवर मोजू लागल्या.