तूप आतड्याला कधी कळतं?

पुरणपोळीवर तुपाची धार पडली की आधी नाकाला कळतं, मागोमाग जिभेला. लहान आतड्याला मात्र अख्खं तूप ओळखताच येत नाही. स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे विकर तुपाच्या रेणूंचे तुकडे पाडतं, मेदाम्लं सुटी होतात आणि मगच तिथे जाग येते. वजन कमी करण्यासाठी दिलं जाणारं ऑरलिस्टॅट लायपेजलाच अडवतं. ते घेतलं की आतड्याची ही जागही मंदावते.

आतड्याच्या अस्तरात शंभरात जेमतेम एखादी पेशी संप्रेरकं सोडणारी असते. त्यातल्या काहींवर जीपीआर४०, जीपीआर१२० अशा रुक्ष नावांची ग्राहक प्रथिनं असतात. मेदाम्लं त्यांना चिकटली की पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडते. पण सरसकट नाही. माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं, की मेदाम्लाच्या साखळीत निदान १२ कार्बन हवेत. १० असले तर पेशी ढिम्म. खोबरेल तेलात जवळपास निम्मं असतं ते लॉरिक आम्ल. त्याचे कार्बन मोजून १२, म्हणजे अगदी काठावर पास!

हे संप्रेरक १९२८ मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी शोधलं ते पित्ताशय आकुंचन पावतं यावरून, आणि नावही त्यावरूनच पडलं. पित्त आलं की तेलाचे बारीक थेंब होतात आणि लायपेजचं काम सोपं होतं. त्याच वेळी जठरातून अन्न पुढे सरकणं मंदावतं. सणाच्या दिवशी दुपारी एकला जेवून चहाच्या वेळीही पोट जड वाटतं, त्यात याचा मोठा हात. एवढं करूनही न पचलेले मेद आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचलेच, तर तिथून आणखी एक ब्रेक लागतो.

‘आता पुरे’ हा निरोप मेंदूकडे जातो तो मुख्यतः पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत. गंमत म्हणजे ‘अजून वाढा’ हा निरोपही याच वाटेने जातो. कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स झुकर यांच्या गटाने उंदरांपुढे दोन बाटल्या ठेवल्या, एकीत कृत्रिम गोडीचं पाणी, दुसरीत स्निग्ध पदार्थ मिसळलेलं. सुरुवातीला उंदीर दोन्हीकडे जात होते. दोनेक दिवसांत मात्र जवळपास सगळे दुसऱ्या बाटलीला लागले. २०२२ मध्ये छापून आलेल्या या प्रयोगांत काही उंदरांच्या जिभेला स्निग्ध चव कळतच नव्हती. तेही त्याच बाटलीकडे वळले.