गुडघा बदलायचा का? ठरवण्याआधी हे वाचा

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारे बरेच जण एक्स-रेचं पाकीट पुढे करतात आणि म्हणतात, “गॅप संपली म्हणे. आता ऑपरेशनच ना?” तसंच काही नाही. हाडाला हाड टेकलेलं दिसत असूनही आरामात जिने चढणारी माणसं असतात, आणि किरकोळ झीज असून रात्रभर तळमळणारीही. त्यामुळे तुमचा दिवस कसा जातो ते आधी पाहू. चालणं किती होतं? दुखण्याने झोपमोड होते का? हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का?

व्यायामाला निदान तीन महिने द्या. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडीचा स्नायू कडक झालेला हाताला लागला पाहिजे. पाच आकडे मोजा, सोडा. सुरुवातीला थोडं दुखणारच. सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

व्यायाम हा आमचा धंदाच, तेव्हा शंका येणं साहजिक आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका चाचणीत ऑपरेशनला पात्र असलेले १०० रुग्ण होते. निम्म्यांवर आधी व्यायामासह विनाऑपरेशन उपचार झाले, उरलेल्यांचं थेट ऑपरेशन. विनाऑपरेशन गटातल्या साधारण पाऊण जणांना वर्षभरात ऑपरेशन लागलं नाही. दुखणं मात्र ऑपरेशन झालेल्यांचंच जास्त कमी झालं, हेही सांगायला हवं.

दुर्बिणीने गुडघा ‘साफ’ करून घेण्याच्या भानगडीत झिजेच्या दुखण्यासाठी पडू नका. फायदा टिकत नाही.

एवढं करूनही झोप लागत नसेल, घरातल्या घरात फिरणं अवघड झालं असेल, तर उगाच वर्षानुवर्षं कळ काढू नका. आम्हीच सर्जनकडे पाठवतो. कृत्रिम सांधा दर पाचांतल्या चौघांचा २५ वर्षं टिकतो. पण साधारण पाचांतला एक जण निकालावर पूर्ण समाधानी नसतो, आणि गुडघे टेकून बसणं अनेकांना नकोसं वाटतं. पूर्ण सावरायला वर्षही लागू शकतं.

गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख सर्जनना आवर्जून सांगा. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.